दया, क्षमा आणि माफी

कोशांत एका ओळींत बसणारे शब्द व्यवहारांत एका पंक्तीला बसतातच असें नाहीं. दया, क्षमा आणि माफी हे शब्द आपण एकमेकांच्या जागीं बिनदिक्कत वापरतों. आणि एरवीं त्यानें फारसें बिघडतही नाहीं. परंतु केव्हां केव्हां हें अंतर न ओळखल्यामुळें एखाद्या थोर पुरुषाविषयींचा लोकांचा निवाडाच चुकतो. इ. स. १८९७ मध्यें पुण्याच्या दोन पुढाऱ्यांवर जे प्रसंग आले, त्यांवरून हें दिसून येईल.

प्रथम शब्दांची कुळी पाहूं. 'दया' ज्या 'दय्' धातूपासून निघाली, त्याचा एक अर्थ वांटून देणें असा आहे. दयेला समोरच्याचा अपराध लागत नाहीं, त्याचें दुःख पुरें होतें. मुक्या जनावरावर आपण दया करतों, त्याला क्षमा करीत नाहीं. 'क्षमा' म्हणजे मुळांत सोसणें. संस्कृतांत पृथ्वीलाही 'क्षमा' म्हणतात. तेव्हां ज्यानें घाव सोसला, क्षमेचा अधिकार त्याचाच. तिऱ्हाइतानें केलेली क्षमा पोकळ होय. 'माफी' हा शब्द अरबींतून फारसीच्या वाटेनें आपल्या दप्तरांत आला. त्याच्या मूळ धातूंत पुसून टाकण्याचा भाव आहे, आणि आपल्याकडे तो हिशेबाच्या वहींत रुजला: सारा माफ, दंड माफ, फी माफ. देणें होतें तें पुसलें, एवढेंच. 'माफीचा साक्षीदार' यास कायदा सोडतो; पण म्हणून त्याला कोणी निर्दोष समजत नाहीं.

आतां १८९७ कडे वळूं. पुण्यांत प्लेगची सांथ होती व घरोघर झडती घेण्याच्या कामावर गोरे सोजीर नेमले होते. वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं गोपाळ कृष्ण गोखले विलायतेस गेले असतां, सोजिरांनीं स्त्रियांवर अत्याचार केल्याचीं पत्रें त्यांस पुण्याहून आलीं, व त्यांवर विसंबून त्यांनीं तो आरोप तेथील वर्तमानपत्रांतून जाहीर केला. मुंबईस परतल्यावर पुरावा पुढें येईना. पत्रें लिहिणारांचीं नांवें त्यांनीं उघड केलीं नाहींत, आणि ऑगस्टच्या आरंभीं आरोप मागें घेऊन गव्हर्नर, प्लेगचे अधिकारी व सोजीर यांच्यापाशीं निरपवाद खेद प्रकट केला. इंग्रजींत याला 'अपॉलजी' म्हणतात. जें विधान सिद्ध करतां येत नाहीं तें परत घेणें, हें तिचें मर्म. मराठींत 'दिलगिरी' हा शब्द होता. दिलगिरी व्यक्त करावयाची असते, मागावयाची नसते. परंतु या कृत्याला 'माफी' हेंच नांव पडलें, आणि त्या शब्दाच्या पाठोपाठ देणेकऱ्याची लाचारी आली. गोखले आपल्या सचोटीला जागले होते. पुष्कळांना मात्र त्यांनीं सरकारदारीं पदर पसरल्यासारखें वाटलें.

त्याच वर्षीं २७ जुलैला टिळकांस राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबईंत अटक झाली. माफी मागून सुटावें हा सल्ला त्यांनीं मानला नाहीं, व १४ सप्टेंबरला त्यांस दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पुढें मॅक्स मुल्लर, सर विल्यम हंटर प्रभृति विद्वानांनीं राणीकडे अर्ज केला. टिळकांच्या विद्वत्तेकडे पाहून दया दाखवावी, अशी त्यांत विनंती होती. सप्टेंबर १८९८ मध्यें उरलेल्या सहा महिन्यांची शिक्षा अटींवर माफ होऊन ते सुटले. येथें मागितली गेली ती दया, आणि तीही इतरांकडून. मिळाली ती माफी, आणि तीही केवळ शिक्षेची. क्षमेचा संबंधच नव्हता; कारण टिळकांनीं अपराध कबूल केला नव्हता, व सरकारही तो विसरलें नव्हतें. पुन्हां तसाच गुन्हा शाबीत झाल्यास राहिलेले सहा महिने भोगावे लागतील, असें ठरलेलें होतें. वहींतील पान फाडलें नव्हतें, दुमडून ठेवलें होतें.

हा घोळ आजही संपलेला नाहीं. राज्यघटनेचा ७२ वा अनुच्छेद राष्ट्रपतींस क्षमा करणें, शिक्षा तहकूब करणें, तींत सूट देणें, ती सौम्य करणें असे निरनिराळे अधिकार देतो. लोक या सर्वांसाठीं 'दयेचा अर्ज' हें एकच नांव वापरतात. फांशीऐवजीं जन्मठेप झाली कीं 'माफ केलें' म्हणतात. पण मृताच्या घरच्यांनीं क्षमा केली, असें त्यावरून होत नाहीं. राज्यसंस्था दया दाखवूं शकते, माफी देऊं शकते. जें तिनें स्वतः सोसलें नाहीं त्याची क्षमा ती दुसऱ्याच्या वतीनें करूं शकत नाहीं.

या दृष्टीनें १८९७ कडे पुन्हां पाहिलें म्हणजे एक गोष्ट मनास लागते. त्या वर्षीं कोणी खेद प्रकट केला, कोणास शिक्षा झाली, कोणी दया मागितली. परंतु ज्यांच्या देवघरापर्यंत सोजीर शिरले, तीं पुण्यांतील साधीं माणसें या दोहोंपैकीं एकाही प्रकरणांत पक्षकार नव्हतीं. आणि क्षमा करण्याचा खरा अधिकार कोणाचा असेल, तर तो त्यांचाच होता.