फटफटीचा स्वभाव : वाळूज ते बिडकीन

यंत्राला स्वभाव असतो काय, हा प्रश्न तत्त्वज्ञाला कदाचित निरर्थक वाटेल; इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो टाळता येण्यासारखा नाही. जुन्या मोटारसायकलीविषयी माणसे बोलू लागली म्हणजे तिचा वेग किंवा तिची किंमत यांचा उल्लेख ओघाने येतो. मुख्य बोलणे असते ते तिच्या स्वभावाविषयी. अमुक गाडी हट्टी होती, तमुक गाडी थंडीत रुसत असे, तिसरी धन्याखेरीज कोणाच्या लाथेला दाद देत नसे. विजेवर चालणाऱ्या दुचाकीविषयी हीच माणसे सांगतात की गाडी चांगली आहे, पण तिच्यात जीव नाही. हा अभिप्राय केवळ स्मरणरंजन म्हणून बाजूस सारावा, की त्यात एखाद्या खऱ्या बदलाची नोंद झालेली आहे, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. छत्रपती संभाजीनगर हे या विवेचनास सोयीचे स्थळ आहे. शहराच्या पश्चिमेस पुणे रस्त्यावर वाळूज येथे गेली चाळीस वर्षे पेट्रोलवरील दुचाकी तयार होत आहेत, आणि दक्षिणेस पैठण रस्त्यावरील बिडकीन येथे विजेच्या दुचाकींचा मोठा कारखाना उभारण्याची घोषणा 2024 मध्ये झाली.

आरंभी शब्दाचा विचार करू. मराठीने रेल्वेला 'आगगाडी' म्हटले ते तिच्यातील अग्नी पाहून. मोटारसायकलीला 'फटफटी' म्हटले ते तिचा आवाज ऐकून. म्हणजे भाषेने या वाहनाची ओळख त्याच्या रूपावरून वा उपयोगावरून न ठरवता ध्वनीवरून ठरविली. हा ध्वनी सिलिंडरातील एकेका स्फोटाचा असतो. चार धक्क्यांच्या एंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो, दोन धक्क्यांच्या एंजिनात प्रत्येक फेरीला एक. त्यामुळे पहिल्याचा आवाज सुटा व भारदस्त, दुसऱ्याचा दाट व तीक्ष्ण. जाणता कान गल्लीच्या टोकावरून गाडी ओळखी आणि कित्येकदा तिचे दुखणेही ओळखी.

स्वातंत्र्योत्तर काळात या देशात ज्या मोटारसायकली रूढ झाल्या त्यांत तीन नावे प्रमुख होती. मद्रासेस 1955 पासून तयार होऊ लागलेली एन्फील्डची बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातून 1961 पासून बाहेर पडू लागलेली जावा (पुढे हीच येझ्दी झाली), आणि फरीदाबादची राजदूत. तिघींची मूळ बांधणी परकी होती, अनुक्रमे इंग्लंड, चेकोस्लोव्हाकिया व पोलंड येथील. परवाना-पद्धतीच्या काळात स्पर्धा नसल्यामुळे ती बांधणी फारशी न बदलता दशकानुदशके चालू राहिली. ज्याला आपण स्वभाव म्हणतो त्याचे एक कारण येथेच आहे. एकाच रचनेची गाडी पंचवीस-तीस वर्षे रस्त्यावर राहिली, तर तिच्या खोडी सार्वजनिक ज्ञानाचा भाग बनतात. बाप मुलाला त्या सांगू शकतो.

या खोडी काय होत्या हे नीट पाहिले पाहिजे, कारण स्मरणरंजन नेहमी तपशील गाळते. बुलेट सुरू करावयाची म्हणजे प्रथम ॲम्पिअर-मापकाच्या काट्याकडे पाहत पिस्टन योग्य जागी आणावयाचा, दाब सोडण्याची लहान दांडी ओढावयाची, मग किक पूर्ण लांबीने मारावयाची. अंदाज चुकला तर किक उलटून पायाच्या नडगीचा समाचार घेई. जावाच्या किकची दांडीच पुढे वळविली की गिअरची होई. नवख्यास हे अजब वाटे. दोन धक्क्यांच्या गाडीत पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे. तेल कमी पडले तर पिस्टन धरे, अधिक झाले तर प्लग काळा पडून गाडी मध्येच बंद होई. ठिणगी देणाऱ्या पॉइंटमधील फट मिलिमीटरच्या तीन-चार दशांशाएवढी असावी लागे, आणि ती ठेवण्याचे काम चालविणाराच पत्र्याच्या पातीने करीत असे. पेट्रोल संपत आले की टाकीखालचा नळ चालत्या गाडीवरच डाव्या हाताने चाचपून 'रिझर्व्ह'वर फिरवावयाचा. या सर्व क्रियांत एक गोष्ट समान आहे : यंत्राने अपुरे सोडलेले काम माणसाचे शरीर पुरे करीत होते. स्वभाव या शब्दाने लोक ज्याचा निर्देश करतात तो मुख्यतः हा अपुरेपणा होय, असे माझे मत आहे. जी गाडी आपल्याकडून काही मागत नाही तिच्याविषयी आपल्याजवळ सांगण्यासारखेही काही उरत नाही.

1980 नंतरच्या दशकात शासकीय धोरण सैल झाले, जपानी कंपन्यांशी सहकार्यास परवानगी मिळाली आणि 100 सीसीच्या आसपासच्या हलक्या मोटारसायकलींची एक पिढीच बाजारात आली. हीरो होंडाची सीडी 100 आणि एस्कॉर्ट्सने यामाहाच्या साहाय्याने काढलेली आरएक्स 100 या दोन्ही 1985 च्या. त्याच वर्षी बजाज ऑटोच्या वाळूज येथील कारखान्याचे उद्घाटन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले. अवघ्या सोळा महिन्यांत उभा राहिलेला हा कारखाना मराठवाड्यासारख्या उद्योगात मागासलेल्या प्रदेशात किती मोठी घटना होती, हे त्या काळचे औरंगाबाद ज्यांनी पाहिले त्यांस सांगावयास नको. 1986 मध्ये बजाजची एम 80 व कावासाकीच्या सहकार्याने काढलेली केबी 100 या गाड्या आल्या. 1991 मध्ये फोर-एस चॅम्पियन, 1997 मध्ये बॉक्सर, 1998 मध्ये वाळूजहून कॅलिबर. प्रदूषणाचे नियम 1991, 1996 व 2000 असे क्रमाने कडक होत गेले, तसतसे दोन धक्क्यांचे एंजिन मागे हटले. आरएक्स 100 चे उत्पादन 1996 मध्ये थांबले, आणि म्हैसूरचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. आज आरएक्स 100 ही जिवंत गाडीचा मानबिंदू समजली जाते व जुनी गाडी हौशी लोक मोठी किंमत देऊन विकत घेतात. परंतु बुलेट व जावा यांच्या मापाने पाहता ती आधीच 'सोपी' झालेली गाडी होती. तिच्यात पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक ठिणगी होती, तेल मिसळण्याचे काम एक लहान पंप आपण होऊन करीत असे, आणि किक तर लहान मुलानेही मारावी. चालविणाऱ्याच्या हातून कामे निघून जाण्याची प्रक्रिया अशा रीतीने विजेच्या गाडीच्या पुष्कळ आधी सुरू झाली होती. प्रत्येक पिढी आपल्या तारुण्यातील टप्प्यास जीव म्हणते आणि पुढील टप्प्यास निर्जीवपणा. इतिहासकाराने यांपैकी एका पिढीचा पक्ष घेण्याचे कारण नाही.

या अपुरेपणाची किंमत कोण देत होते, हेही पाहावयास हवे. जड किक, तिरकी करून सुरू करावयाची स्कूटर, कपड्यांवर उडणारे तेल या गोष्टींनी स्त्रियांना व वयस्क माणसांना दुचाकीपासून दीर्घकाळ दूर ठेवले. लूना (1972), कायनेटिक होंडा, सनी (1990) अशा सोप्या गाड्या आल्या तेव्हाच स्त्रिया मोठ्या संख्येने रस्त्यावर दिसू लागल्या. स्वभावाचे कौतुक करणाऱ्या आठवणी बहुतांशी पुरुषांच्या आहेत, हा योगायोग नव्हे. दोन धक्क्यांच्या एंजिनातून न जळता बाहेर पडणारे पेट्रोल व तेलाचा निळा धूर हाही त्याच स्वभावाचा भाग होता. रस्त्याकडेच्या हातगाडीवाल्याने तो कोणतेही कौतुक न करता गिळला.

मग हरवले ते काय? याचे उत्तर चालविणाऱ्यापेक्षा मिस्त्रीकडे अधिक स्पष्ट मिळते. पेट्रोलची गाडी आपली प्रकृती उघड्यावर लिहून ठेवते. प्लग काढला आणि त्याचे टोक विटकरी-तपकिरी असले तर मिश्रण योग्य, काळे असले तर पेट्रोल जास्त, पांढरे असले तर कमी. सिलिंडर झिजला की तो लेथवर 'बोअर' करून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवावयाचा, पुन्हा झिजला की अर्धा मिलिमीटर. पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला तो आकडा म्हणजे गाडीच्या आयुष्याची वंशावळच. शिलालेख वाचणाऱ्या विद्यार्थ्यास यात काही नवल वाटू नये. हे ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते. ते पोरवयात दुकानात राबून, पाने उचलून देता देता, शिव्या खात मिळविलेले होते. पण एकदा मिळाले की ते कोणाच्या परवानगीवाचून वापरता येत होते. वाळूजची बॉक्सर युगांडातील 'बोडा-बोडा' चालकाच्या हाती दीर्घकाळ टिकली त्याचेही मर्म हेच : कंपालाच्या रस्त्यावरील कारागिराला ती वाचता आली.

विजेच्या गाडीची गोष्ट निराळी आहे. 2019 मध्ये बजाजने विजेवरील चेतक सादर केली व जानेवारी 2020 मध्ये बाजारात आणली. 1972 मध्ये रूढ झालेले हे नाव कंपनीने पेट्रोल-स्कूटरचे उत्पादन थांबविल्यानंतर सुमारे दहा वर्षांनी पुन्हा उचलले. तसेच 2024 मध्ये लूनाचे नाव विजेच्या गाडीला मिळाले. नाव, पत्र्याचे अंग, गोल दिवा ही स्मृतीची सामग्री टिकविली गेली. ध्वनी टिकविता आला नाही. यंत्र म्हणून नवी गाडी निःसंशय सरस आहे. तिच्या सुमारे 3 किलोवॅट-तासांच्या बॅटरीत मावणारी ऊर्जा पेट्रोलच्या एक-तृतीयांश लिटरातील उष्णतेइतकीच भरते. तरी तेवढ्यावर ती ऐंशी-नव्वद किलोमीटर जाते. कारण एंजिन तीन-चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालविते, मोटर तसे करीत नाही. मोटरचे पिळण्याचे बळ थांबलेल्या अवस्थेपासूनच पूर्ण मिळते. म्हणून गिअर नको, क्लच नको. आणि तिला स्वभाव नाही असेही म्हणता येणार नाही. मराठवाड्याच्या वैशाखात बॅटरी तापते, सतत तापल्याने तिचे वय लवकर सरते, थंडीत तिची पोच घटते. मात्र या खोडी हाताला लागत नाहीत. त्या एका बंद पेटीत, नियंत्रक यंत्रणेच्या आकड्यांत असतात, आणि ती पेटी उघडण्याचा अधिकार कंपनीने आपल्याकडे ठेवलेला असतो.

बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्रात एथर एनर्जीने जाहीर केलेला कारखाना पूर्ण क्षमतेने वर्षास दहा लाख दुचाकींचा असेल, असे सांगण्यात आले आहे. चाळीस वर्षांपूर्वी वाळूजने जसा शेतकरी घरातील मुलगा लेथवर आणला, तसा बिडकीन त्याच्या नातवाला कशावर आणील, हे आज सांगता येत नाही. पिस्टन, गिअर, क्लच, सायलेन्सर यांवर पोसलेल्या लघुउद्योगांपुढे हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. आमच्यापुढे तो साधनांचा आहे. जुन्या गाडीचा इतिहास लोखंडावर लिहिलेला असे व मिस्त्रीच्या तोंडी असे. नव्या गाडीचा इतिहास कंपनीच्या संगणकात साठतो. तो अधिक तपशीलवार असतो, परंतु अभ्यासकाला खुला नसतो.

1985-86 मध्ये विशी-पंचविशीत वाळूजच्या जुळणी-रांगेवर उभे राहिलेले कामगार आज साठी ओलांडून निवृत्त झालेले आहेत. त्याच सुमारास शहरात दुकान घातलेले मिस्त्रीही याच वयाचे. त्यांच्या साक्षी नोंदविण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यास दुचाकीवरून फिरून करता येण्याजोगे आहे. विचारावयाचे प्रश्नही साधे आहेत : पहिली गाडी उघडली ती कोणाच्या हाताखाली, आवाजावरून कोणता दोष कसा ओळखीत, मोठ्या मापाचे पिस्टन कोठून येत, पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक ठिणगी आली तेव्हा काय नव्याने शिकावे लागले, आणि दुकानात विजेची पहिली गाडी आली तेव्हा पाना कोठे लावला.