पात्रता नाकारणारा शताधिपती

उर्दू शिकवताना 'मसीहा' हा शब्द वारंवार भेटतो. त्याचा एक अर्थ हजरत ईसा अलैहिस्सलाम. दुसरा अर्थ, रोग बरा करणारा. चांगल्या डॉक्टरला लोक मसीहा म्हणतात आणि त्याच्या हाताच्या गुणाला मसीहाई. मूळ हिब्रू शब्दात औषधपाण्याचा काही संबंध नाही. तिथे अर्थ आहे 'अभिषेक केलेला'. बरे करण्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला, कारण ईसांची आठवण आजाऱ्यांच्या आठवणीपासून वेगळी करता येत नाही. कुरआनमध्ये सूरह आले-इमरान आणि सूरह माइदा या दोन्ही ठिकाणी ते जन्मांधाला आणि कोड असलेल्याला अल्लाहच्या हुकमाने बरे करतात, असा उल्लेख आहे.

पण बरे व्हायला आलेली माणसे कोण होती, ती काय बोलली, हे कुरआन सांगत नाही. ते वाचायचे तर शुभवर्तमानांकडे जावे लागते. ख्रिस्ती माणसाच्या लेखी दृढ श्रद्धा म्हणजे काय, हे मला तिथल्या एका छोट्या कथेतून कळले. ही कथा मत्तयच्या आठव्या आणि लूकच्या सातव्या अध्यायात आहे.

गाव कफर्णहूम. गालील सरोवराच्या वायव्य काठावरचे, मासेमारीवर जगणारे. जवळून व्यापारी मार्ग जात असल्याने जकातीचे नाकेही होते. त्या गावात एक शताधिपती राहत होता. नावाप्रमाणे तो शंभरांचा नायक. प्रत्यक्षात रोमन सैन्यात अशा तुकडीत साधारण ऐंशी शिपाई असत. गालील त्या काळी थेट रोमच्या कारभारात नव्हता. तिथे रोमच्या मर्जीने हेरोद अंतिपास राज्य करत होता. त्यामुळे हा अधिकारी त्याच्याच फौजेतला असावा, असे बरेच अभ्यासक मानतात. काहीही असले तरी तो यहुदी नव्हता, आणि सत्तेची तलवार त्याच्या कमरेला होती. कर भरून वाकलेल्या गावाला असा माणूस कसा वाटत असेल, ते सांगायला नको.

त्याचा चाकर मरणाच्या दारात होता. मत्तयच्या कथेत शताधिपती स्वतः येशूंकडे येतो. लूकच्या कथेत तो गावातल्या यहुदी वडीलधाऱ्यांना पाठवतो. ही वडीलधारी मंडळी मनापासून शिफारस करतात: हा माणूस पात्र आहे, आपल्या लोकांवर त्याचे प्रेम आहे, आपले सभास्थान त्यानेच बांधून दिले. येशू निघतात. घर जवळ येते, तेवढ्यात शताधिपतीचा दुसरा निरोप येतो. त्याचा आशय असा: आपण माझ्या छताखाली यावे एवढी माझी योग्यता नाही, आपल्याकडे येण्याइतका पात्रही मी स्वतःला समजलो नाही, आपण फक्त शब्द उच्चारा, माझा चाकर बरा होईल.

लूकची मूळ ग्रीक भाषा इथे लक्षपूर्वक पाहावी. वडीलधारी त्याच्यासाठी 'पात्र' या अर्थाचा जो शब्द वापरतात, त्याच धातूपासून बनलेले क्रियापद तो स्वतःबद्दल नकारार्थी वापरतो. गाव म्हणते हा लायक आहे, तो म्हणतो मी लायक नाही. गावाने त्याच्या पुण्याईचा हिशोब मांडला होता. त्याने तो हिशोब पुढे केलाच नाही. बांधून दिलेल्या सभास्थानाचा उल्लेख त्याच्या तोंडी एकदाही येत नाही.

छताचा उल्लेखही उगाच आलेला नाही. परधर्मीयाच्या घरात पाऊल टाकले तर विटाळ होतो, अशी त्या काळच्या धार्मिक यहुदींची धारणा होती. प्रेषितांच्या कृत्यांत पेत्राला कर्नेल्य नावाच्या दुसऱ्या एका शताधिपतीच्या घरी जाताना हाच अडसर ओलांडावा लागतो. विटाळ या शब्दाचे वजन मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे ज्याच्या हाती सत्ता, तोच दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर उभे करत आला. इथे सत्ताधारी स्वतः होऊन म्हणतो की आपण माझ्या उंबऱ्यापर्यंत येण्याची तसदी घेऊ नका.

मग तो आपल्या धंद्यातला दाखला देतो. मीही हुकमाखाली वावरणारा माणूस आहे आणि माझ्या हाताखालीही शिपाई आहेत; मी एकाला जा म्हटले की तो जातो, दुसऱ्याला ये म्हटले की तो येतो. त्याने धर्मशास्त्राचा आधार घेतला नाही. छावणीत जे रोज पाहिले, त्यावरून त्याने ताडले की ज्याला वरून अधिकार मिळाला आहे, त्याच्या शब्दाला अंतर आड येत नाही. हे ऐकून येशूंना आश्चर्य वाटते. इस्राएलातही एवढी श्रद्धा मला आढळली नाही, असा त्यांचा अभिप्राय आहे. येशूंना नवल वाटल्याचा उल्लेख शुभवर्तमानांत दोनच प्रसंगी येतो: इथे परक्याच्या श्रद्धेचे, आणि स्वतःच्या गावी, नासरेथात, आपल्याच माणसांच्या अश्रद्धेचे. मत्तय पुढे लिहितो की पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून पुष्कळ लोक येतील आणि अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या पंक्तीला बसतील. हे तिघे म्हणजे आमचे इब्राहीम, इसहाक आणि याकूब.

चाकर बरा झाला. येशू त्या घरात गेलेच नाहीत.

कफर्णहूमचे अवशेष आज पाहता येतात. १८९४ साली फ्रान्सिस्कन संन्याशांनी ती जागा विकत घेतली आणि १९६८ पासून कॉर्बो व लॉफ्रेडा या दोघा अभ्यासकांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केले. आज उभे दिसते ते पांढऱ्या चुनखडीचे सभास्थान चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचे. त्याच्या पायात मात्र काळ्या बसाल्टच्या जुन्या भिंती लागल्या, आपल्या सह्याद्रीत सापडतो तशा दगडाच्या. पहिल्या शतकातले, म्हणजे शताधिपतीने बांधलेले सभास्थान तेच असावे, असे काही संशोधकांचे मत आहे. त्यावर अजून वाद आहेत.

त्या माणसाचे वाक्य मात्र वादातीतपणे टिकले. कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी सगळे भाविक शताधिपतीचेच शब्द म्हणतात. फक्त चाकराच्या जागी स्वतःचा आत्मा येतो. अनेक शतके हे लॅटिनमध्ये चालले. १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकभाषा वेदीवर आल्या आणि वसईच्या चर्चमधून ही प्रार्थना मराठीत होऊ लागली. म्हणजे उपासनेच्या सर्वांत पवित्र क्षणी ख्रिस्ती माणूस जे शब्द उच्चारतो ते कुणा प्रेषिताचे नाहीत. ते परक्या फौजेतल्या, परक्या धर्मातल्या एका अधिकाऱ्याचे आहेत. पुढे त्याने धर्म बदलला की नाही, हे मत्तय सांगत नाही आणि लूकही सांगत नाही. श्रद्धेचा नमुना म्हणून एका धर्माने बाहेरच्या माणसाला इतके आतले स्थान दिल्याची उदाहरणे फार नाहीत.

मुसलमान म्हणून माझा आणि ख्रिस्ती बांधवांचा अर्थ इथे वेगळा होतो, ते झाकायचे कारण नाही. त्यांच्या लेखी तो अधिकार येशूंचा स्वतःचा, पुत्र म्हणून असलेला. माझ्या लेखी ईसा अल्लाहचे रसूल, आणि बरे करणे अल्लाहच्या परवानगीने. पण एका शब्दाने काम होते, ही खूण मला ओळखीची आहे. आले-इमरानमध्ये ईसांच्या जन्माबद्दलच 'कुन' हा शब्द येतो: 'हो', आणि ते होते. शताधिपतीला हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्याचा भरवसा त्याच जातीचा होता.

या कथेचा गैरवापरही होतो. दृढ श्रद्धा असेल तर औषध सोडा, असे सांगणारे सगळ्या धर्मांत आहेत. शताधिपतीने तसे काही केले नाही. चाकरासाठी जे शक्य होते ते त्याने केले. ओळखीपाळखी वापरल्या, माणसे पाठवली. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही आमच्याकडची शिकवण यापेक्षा वेगळी नाही. ख्रिस्ती श्रद्धेनेही आपल्या मुलखात दवाखान्याचे रूप घेतले. डॉ. विल्यम वान्लेस यांचे मिरजेचे मिशन हॉस्पिटल उभे राहिले १८९४ मध्ये, म्हणजे फ्रान्सिस्कनांनी कफर्णहूमची जागा घेतली त्याच साली.

ईमान आपल्याच मोहल्ल्यात राहते, असे मानणाऱ्यांची संख्या सध्या सगळीकडे वाढते आहे. अशा वेळी वर्गात 'मसीहा' शब्द आला की मी मुलांना आजाऱ्याच्या आधी त्याच्या मालकाची गोष्ट सांगतो. त्याचे नाव कुणी लिहून ठेवलेले नाही. तो कुठल्या देवळात जात होता, हेही येशूंनी त्याला विचारले नव्हते.