नाडा व सोंदूर
सोंडेच्या मोटेने विहिरीचे पाणी उपसण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन दोरांपैकी जाड दोरास नाडा आणि बारीक दोरास सोंदूर म्हणतात. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या मुसळधार पावसाचा, तर पूर्वेकडील पट्टा अल्प पावसाचा असल्यामुळे कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील बागायत, इंजिने व विजेचे पंप येईपर्यंत, बरीचशी मोटेवर आणि म्हणून या दोरांवर अवलंबून होती.

नाडा मोटेच्या तोंडाच्या लोखंडी कड्याला बांधून वरच्या चाकावरून, तर सोंदूर कातडी सोंडेच्या टोकाला बांधून खालच्या लाकडी रुळावरून जुवाकडे नेतात. बैल धावेवरून, म्हणजे विहिरीपासून दूर उतरत जाणाऱ्या वाटेवरून, चालू लागले की नाडा जवळजवळ सगळा भार पेलतो. सोंदूर सोंड वर दुमडून धरतो आणि मोट काठाशी येताच ती थारोळ्यात, म्हणजे पाणी पडण्याच्या कुंडात, ओढून घेतो. सोंदूर लांब राहिला तर सोंडेचे टोक खाली लोंबून पाणी वाटेतच सांडते व आखूड झाला तर सोंड ताणून मोट तिरकी होते. भार कमी असला तरी नेमके काम याच दोराचे असल्याने तो हलका, लवचीक व एकसारख्या पिळाचा निवडावा लागतो. घायपाताचा वाख ताकदीचा पण राठ असतो, तर अंबाडीचा तंतू त्या मानाने मऊ असतो. असे दोर भिजले की तंतू फुगून आखडतात, म्हणून त्यांची लांबी ओल्या स्थितीतच ठरवणे योग्य.

तुटलेल्या दोराला गाठ मारल्यास ती चाकावर अडते आणि दोराची ताकद जवळपास निम्म्यावर येते. यासाठी दोन्ही टोकांचे तीन-तीन पेड उलगडून समोरासमोर गुंततात व प्रत्येक पेड समोरच्या दोराच्या एका पेडावरून आणि पुढच्या पेडाखालून, पिळाच्या उलट दिशेने, निदान तीनदा ओवून आवळतात. शेवटी तंतू कमी करत नेले की सांधा निमुळता होऊन चाकावरून सहज सरकतो. शिडाच्या जहाजांवरील दोरही याच रीतीने सांधतात, मात्र कोकण किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यात टिकणारा काथ्या पसंत केला जाई.

गावगाड्यात दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे होते आणि त्याबद्दल बलुते म्हणून धान्य मिळे. बागायतीच्या इतिहासात विहीर बांधणाऱ्यांची व पीक घेणाऱ्यांची जेवढी नोंद आहे, तेवढी या कारागिरांची नाही, ही मोठी उणीव होय.

माणिकडोह, डिंभे, येडगाव, वडज व पिंपळगाव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी पुढे सिंचनाचे चित्र पालटले. आता विहिरींत पाणबुडी मोटार कृत्रिम धाग्यांच्या दोराला टांगलेली असते. त्यांपैकी पॉलिप्रॉपिलीनचा दोर हलका व स्वस्त असला तरी उन्हाने ठिसूळ होतो, म्हणून काठावरचा त्याचा उघडा भाग दरवर्षी तपासणे आवश्यक आहे.