पामतेलाचं माहेर आज तेल विकत घेतंय

२०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ मिळाला होता, आठवतंय? रवा, साखर, चणाडाळ आणि एक लिटर पामतेल. आपल्याकडे पामतेल म्हटलं की मलेशिया-इंडोनेशियाच आठवतात. पण मंडळी, या झाडाचं माहेर पश्चिम आफ्रिका. १९६० च्या सुमारास पामतेल निर्यातीत जगात पहिला नंबर नायजेरियाचा होता. आज तोच देश बाहेरून तेल आणतो.

गुलामांचा व्यापार बंद पडत गेला तसे लिव्हरपूलचे व्यापारी नायजर नदीच्या मुखाशी पामतेल उचलू लागले. साबण, मेणबत्त्या, यंत्रांचं वंगण, सगळ्यालाच ते लागायचं. त्या भागाचं नावच ‘ऑइल रिव्हर्स’ पडलं. (पेट्रोल तेव्हा कुणाच्या गावी नव्हतं!) तिथे ओपोबोचा राजा जाजा होता. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे तेलाच्या धंद्याचा मालक झाला आणि गोऱ्यांना आतल्या बाजारात थेट शिरू देईना. १८८७ मध्ये इंग्रजांनी त्याला बोलणी करायला बोलावलं, पकडलं आणि वेस्ट इंडिजला धाडलं. १८९१ मध्ये परत येताना तो वाटेतच गेला.

१९२९ मध्ये तेलाचे भाव पडलेले असताना बायकांवरही कर बसणार अशी बातमी पसरली. आबा परिसरात हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. गोळीबारात पन्नासहून अधिक बायका मेल्या.

पुढे सरकारी खरेदी मंडळं आली. भाव स्थिर ठेवायचा हा हेतू, पण जगात भाव चढला तरी शेतकऱ्याच्या हाती कमीच पडायचं, मधला पैसा सरकारकडे. आपल्याकडची कापूस एकाधिकार खरेदी ज्यांनी पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. अशा भावात नवी झाडं कोण लावणार? त्यात १९६७ ते ७० बियाफ्राचं युद्ध, तेही नेमकं पामच्या पट्ट्यात. नंतर जमिनीतलं तेल उसळलं, डॉलर आले आणि शेतीकडे बघायला कुणाला वेळ उरला नाही.

मलेशियाने १९६६ मध्येच नायजेरियाला मागे टाकलं होतं. ‘आमचंच बी नेऊन ते श्रीमंत झाले’ असं नायजेरियात हमखास ऐकवतात. अर्धंच खरं आहे ते. मलेशियातल्या बागांचं मुख्य वाण जावा बेटावर बोगोरला १८४८ मध्ये लावलेल्या चार रोपांपासून आलं. खरा फरक कामाचा होता. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फेल्डा’ने भूमिहीनांना जमिनी दिल्या, रबर उपटून पाम लावला, संशोधन केलं. तिथे परागीकरण माणसं हाताने करायची. १९८१ मध्ये कॅमेरूनहून एक छोटा सोंडकिडा आणून सोडला आणि ते काम फुकटात होऊ लागलं.

नायजेरियात आजही बरंचसं तेल छोटे शेतकरी जुन्या झाडांवरून काढतात. २०१५ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने ४१ वस्तूंच्या आयातीला डॉलर द्यायचं बंद केलं. त्या यादीत पामतेलही होतं.