देवी काढणे : आईबाप मूल का लपवीत?

जालना जिल्हा म्हटले की इतिहासप्रेमींना 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई आठवते. या थ्रेडचा विषय तिच्या सव्वा वर्ष आधी सुरू होतो. 14 जून 1802 रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला बसऱ्याहून आलेली देवीची लस टोचण्यात आली. भारतात ही लस प्रथमच लागू पडली. पुढच्या आठवड्यात तिच्या दंडावरील फोडातून आणखी पाच मुलांना लस मिळाली. तेथून ती पुणे, सुरत, हैदराबाद अशी पसरली.

'फोडातून' या शब्दापाशी थोडे थांबू या. आपल्या उष्ण हवेत लस टिकत नसे. ती जिवंत ठेवण्याचा खात्रीचा मार्ग एकच : एका मुलाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात. आठव्या दिवशी फोड पिकला की मुलाला परत आणायचे, फोड उघडायचा आणि आतील द्रव पुढच्या मुलांना टोचायचा. म्हणजे आईकडे मागण्या दोन होत्या. पहिलीला राजी झालेली आई दुसरीला नकार देई. आठव्या दिवशी मूल लपवले जाई. घेणाऱ्यांनाही शंका असे : हा द्रव कोणत्या घरचा, कोणत्या जातीचा? जातीच्या शंकेचे समर्थन करता येणार नाही. रोगाची भीती मात्र निराधार नव्हती. इटलीतील रिव्हाल्टा येथे 1861 साली याच पद्धतीमुळे अनेक मुलांना उपदंश झाला.

वसाहतकालीन लेखनात हा सारा विरोध बहुधा 'अंधश्रद्धा' म्हणून निकालात काढलेला दिसतो. श्रद्धा होतीच. रोग आणि देवता यांना आपल्याकडे एकच नाव. घरात 'देवी आल्या' की कडुलिंबाचा डहाळा आणायचा, फोडणी बंद. अशा पाहुणीला सुईने अडवायचे कसे? पण श्रद्धेसोबत वर सांगितलेला व्यवहारी हिशेबही होता, आणि माझ्या मते तोच अधिक दुर्लक्षित राहिला.

मुंबई शहरात 1877 च्या कायद्याने सक्ती आली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. तो कायदा तेथे लागू नव्हता.

पुढे लस वासराच्या अंगावर वाढवली जाऊ लागली. त्यावरही आक्षेप आले, पण मुलाचा दंड साखळीतून सुटला. जालना, अंबड, भोकरदनकडच्या सत्तरीपुढील आजी-आजोबांच्या दंडांवर जे गोल वण दिसतात, ते या नंतरच्या काळातील. विचारून पाहा, 'लस घेतली' असे न म्हणता ते 'देवी काढल्या' असेच म्हणतील.