सही नसलेले राजकारण

आमच्या गासमध्ये मतदान केंद्रावर नेमलेला सरकारी कर्मचारी मत देऊ शकतो. ते कोणाला दिले याचा सुगावा मात्र त्याने लागू द्यायचा नसतो. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यातील पाचवा नियम तसे बजावतो. ही मर्यादा काय करू शकते, हे पाहायचे तर त्याआधी शंभर वर्षे पुण्यात जावे लागेल. 🧵

१८७१ साली महादेव गोविंद रानडे दुय्यम न्यायाधीश म्हणून पुण्यास आले. सार्वजनिक सभा आदल्याच वर्षी स्थापन झाली होती. वेतन सरकारचे आणि सभेचे कार्य सरकारपुढे रयतेची गाऱ्हाणी मांडण्याचे! रानड्यांनी यातून वाट काढली : विचार त्यांचा, सही दुसऱ्याची. १८७८ पासून निघणाऱ्या सभेच्या त्रैमासिकातील बहुसंख्य निनावी लेख त्यांचेच मानले जातात.

१८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारला धाडली. सरकारची नजर मग रानड्यांवर खिळली. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. मे १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड गाजत असता पुण्यात बुधवारवाडा जळाला आणि रानड्यांची रवानगी थेट धुळ्यास झाली. तेथे त्यांचे टपाल पोलीस फोडीत. बंडवाल्यांच्या नावाने बनावट पत्रेही येत. रानडे ती पोलिसांकडेच पाठवून देत. बदली हे फार सोयीचे शस्त्र. आरोप ठेवावा लागत नाही, म्हणून बचावही ऐकावा लागत नाही.

१८८५ च्या मुंबईतील पहिल्या काँग्रेस अधिवेशनास रानडे उपस्थित होते, पण प्रतिनिधी म्हणून नव्हे, सल्लागार श्रोते म्हणून. १८९० मध्ये कलकत्ता अधिवेशनाच्या वेळी बंगाल सरकारने अधिकाऱ्यांना प्रेक्षक म्हणून जाण्यासही मज्जाव केला. व्हाइसरॉय लॅन्सडाउन यांनी पुढे खुलासा केला : बंदी सरकारी नोकरांपुरती आहे, खाजगी व्यक्तींना काँग्रेस मोकळी आहे.

सामाजिक सुधारणेला अशी आडकाठी नव्हती. १८८७ पासून रानडे सामाजिक परिषद काँग्रेसच्याच मंडपात भरवीत. १८९३ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, तरी परिषद चालूच राहिली. १८९५ साली पुण्यात मात्र तिला तो मंडप मिळाला नाही. यावेळी विरोध सरकारचा नव्हता, टिळकपक्षाचा होता.