डबा कुणी उघडायचा?

विजेच्या गाडीची बॅटरी दमल्यावर काय करायचं, हा प्रश्न सातारा जिल्ह्याला नवा नाही. तो पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच फलटणला येऊन गेलाय.

अमेरिकेतून १९८१ साली फलटणला आलेले अनिल राजवंशी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात निंबकर कृषी संशोधन संस्थेत, म्हणजे ‘नारी’त, सहकाऱ्यांबरोबर विजेची रिक्षा बनवत होते. नाव ‘इलेक्शा’. तीन चाकं, एक डीसी मोटर आणि लेड-ॲसिड बॅटऱ्या. २००२ साली या कामावरचा त्यांचा लेख ‘करंट सायन्स’मध्ये आला. मोटर आणि सांगाडा कारखान्यात सुधारता येत होता. बॅटरीचं मात्र तसं नव्हतं. शिशाच्या पट्ट्या आणि आम्लाची ही बॅटरी फ्रान्सच्या प्लांतेनं १८५९ साली बनवली. मोटारीत तिला गाडी सुरू करण्यापुरता एकच झटका द्यायचा असतो. रिक्षात ती रोज तळापर्यंत उपसली जाते. मग पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि ताकद उतरत जाते. रिक्षावाल्याच्या दृष्टीनं बॅटरी हा सुटा भाग नव्हता, दर काही काळानं येणारा खर्चच होता.

पुढे लेड-ॲसिडच्या स्कूटर आल्या. ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॅटच्या आतल्या गाडीला ना नोंदणी, ना लायसन. सीटखाली १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या सिरीजमध्ये, की झाले ४८ व्होल्ट. यांची दुरुस्ती कुठे? लोडशेडिंगच्या वर्षांत गावोगावी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारी दुकानं उभी राहिली होती, तिथेच. दुकानदार मल्टिमीटर लावून चारातली बसकी कुठली ते दाखवायचा आणि वर सांगायचा, एकच बदलू नका. त्यात त्याचा धंदा होताच, पण सांगणं खरं होतं. तीन जुन्यांच्या रांगेत नवी घातली तर जुन्या आधी रिकाम्या होतात, त्यांच्यापायी सगळी रांग खाली येते आणि नवीचेही हाल होतात.

जुन्या चार मात्र फुकट जात नव्हत्या. शिशाला वजनावर भाव होता, तो नव्याच्या बिलातून वजा व्हायचा. टाकाऊतला धातू वेगळा काढणं या भागाला शिकवावं लागत नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर-आटपाडीची माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी देशभर गेलीत.

मग लिथियम आलं. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्रानं लेड-ॲसिड गाड्यांचं अनुदान थांबवलं. निर्णय योग्यच होता. हलकी, जास्त चालणारी बॅटरी कुणाला नको? पण त्या निर्णयानं नाक्यावरचा बॅटरीवाला खेळाबाहेर गेला, याची फारशी चर्चा झाली नाही.

लिथियमच्या पॅकमध्ये छोटे सेल निकेलच्या पट्ट्यांनी स्पॉट वेल्डिंग करून जोडलेले असतात. प्रत्येक गटावर बीएमएस नावाचं सर्किट लक्ष ठेवतं. एखादा गट कमजोर झाला की त्याचं व्होल्टेज आधी उतरतं आणि बीएमएस अख्खा पॅक बंद करतं. म्हणजे हिशेब तोच, चार बॅटऱ्यांतल्या एका बसकीचा. फरक इतकाच, की आता ती झाकणाआड आहे. शिवाय काही गाड्यांत बीएमएस आणि गाडीचा कंट्रोलर एकमेकांशी बोलतात; बाहेरचा पॅक जोडला तर गाडी त्याला ओळखच देत नाही.

झाकण बंद ठेवण्यामागे भीती खरी आहे. मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी स्कूटर पेटली, देशात इतरत्रही पेटल्या. त्यानंतर एआयएस-१५६ हे बॅटरी सुरक्षेचे नियम कडक होऊन डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. घरी यूट्यूब बघून पॅक उघडणाऱ्यानं हे लक्षात घ्यावंच. पण सुरक्षेचं कारण पुढे करून गिऱ्हाईक बांधून ठेवता येतं, हेही तितकंच खरं.

आणि सरकारला हा पेच दिसत नव्हता असंही नाही. १२ ऑगस्ट २०२० ला केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं बॅटरीशिवायच्या विजेच्या गाड्याही विकायला आणि नोंदवायला मुभा दिली. गाडीच्या किमतीत बॅटरीचा वाटा ३० ते ४० टक्के असतो, असं तेव्हा मंत्रालयानंच सांगितलं. कर मात्र उलटा. नवी विजेची गाडी घेतली तर जीएसटी ५ टक्के. तिचाच लिथियम पॅक नंतर सुटा घेतला तर १८. जुनी गाडी वापरत राहणाऱ्याला दंड आणि नवी घेणाऱ्याला सवलत, असं हे गणित.

साताऱ्यात १९७५ साली बजाज आणि राज्याच्या महामंडळानं मिळून महाराष्ट्र स्कूटर्स कंपनी काढली. तिथून ‘प्रिया’ बाहेर पडायची. तिचं प्लग-कार्ब्युरेटर गल्लीतला मिस्त्री स्टुलावर बसून साफ करायचा, कंपनीला न विचारता. आणि सांगलीतल्या किर्लोस्करवाडीची मुळंही बेळगावातल्या एका सायकलच्या दुकानात आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर तिथे सायकली विकायचे, दुरुस्त करायचे. १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर त्यांनी कारखाना हलवला, तेव्हा ते लोखंडी नांगर बनवत होते.

आता काही कंपन्या आठ वर्षांपर्यंत बॅटरीची हमी देतात. तीन वर्षांची हमी असलेल्या गाड्या मात्र आधीच विकल्या गेल्यात, आणि त्यांतल्या बऱ्याच आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात उभ्या आहेत. जुन्या पॅकची विल्हेवाट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकावर टाकली आहे. शिशाच्या बॅटरीसारखा तो काट्यावर ठेवून नव्याच्या बिलातून वजा करता येत नाही, म्हणून तूर्त तरी तो घरात जिन्याखालीच पडून राहतो.